कोकम आगळ विकणाऱ्या छोट्या दुकानाने गूगलवर वर कसे यावे

समजा, तुमचे कोकणी मेव्याचे छोटे ऑनलाइन दुकान आहे. आगळ, आमसूल, आंबापोळी, कुळथाचे पीठ असा साठ-सत्तर वस्तूंचा माल आहे आणि गूगलवर ते दुसऱ्या-तिसऱ्या पानावरही दिसत नाही. अशा वेळी ‘हापूस आंबा’ या एका शब्दासाठी मोठ्या कंपन्यांशी झुंजण्यात शक्ती घालवू नये. ‘सोलकढीसाठी बिनसाखरेचे आगळ’ असे शोधणाऱ्याला काय हवे ते नेमके ठाऊक असते, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणे तुमच्या आवाक्यातले असते.

सुरुवात गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनापासून करावी. तेथे साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्यावा, कोणती पाने अनुक्रमित झालेली नाहीत, म्हणजे गूगलच्या सूचीत आलेली नाहीत, ते पाहावे आणि मग कामगिरीच्या अहवालात लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते वाचावे. ज्या शब्दांवर तुमचे पान पुष्कळदा दिसते, पण आठव्या ते विसाव्या क्रमांकावर रेंगाळते, ते आधी हाती घ्यावेत. तेथे थोड्या कष्टात फरक पडण्याची शक्यता अधिक असते.

खरे काम शब्दांचे आहे. घाटावरचा ग्राहक ‘आमसूल’ शोधतो, कोकणातला ‘सोलं’ म्हणतो, तर तिसरा रोमन लिपीत ‘कोकम’ लिहितो आणि त्याला कधी सुकी साले, तर कधी सरबत हवे असते. आगळ म्हणजे मीठ घातलेला बिनसाखरेचा रस आणि सरबताचा अर्क म्हणजे साखरेचा, हा फरक पानावर स्पष्ट नसेल, तर चुकीचा ग्राहक येऊन परत जातो. म्हणून पानाचे शीर्षक नुसते ‘कोकम’ न ठेवता ‘कोकम आगळ, बिनसाखरेचे, सोलकढीसाठी’ असे ठेवावे आणि इतर नावे वर्णनात सहज येतील अशी गुंफावीत. पुरवठादाराकडून आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवू नये, कारण तोच मजकूर आणखी दहा दुकानांत असतो. त्याऐवजी फोनवर ग्राहक जे विचारतात तेच लिहावे: आगळ किती खारट लागते, एका नारळाच्या दुधाला किती चमचे पुरते, बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी का. पाव लिटर, अर्धा लिटर आणि एक लिटर यांची तीन वेगळी पाने करण्यापेक्षा एकाच पानावर मापाचा पर्याय द्यावा.

हंगामी मालाबाबत एक चूक फार होते. जूनमध्ये हापूस संपला की पान काढून टाकतात आणि पुढच्या वर्षी नव्या वेब पत्त्यावर (यूआरएल) नवे पान करतात. त्यामुळे जुन्या पानाने मिळवलेले सारे वाया जाते. पत्त्यात वर्ष न घालता तेच पान बारमाही ठेवावे आणि ‘पुढील हंगामासाठी नाव नोंदवा’ एवढे लिहावे. जी वस्तू कायमची बंद झाली, तिचा पत्ता तिच्या जवळच्या वस्तूकडे ३०१ पद्धतीने वळवावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर कायमचा नेला जातो.

फोनमधून काढलेली चार-पाच एमबीची छायाचित्रे तशीच चढवू नयेत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. किंमत आणि साठा यांची माहिती संरचित स्वरूपात, म्हणजे गूगलच्या यंत्रणेला वाचता येईल अशा ठरावीक कोडमध्येही, द्यावी. मात्र ती पानावर दिसणाऱ्या माहितीशी जुळलीच पाहिजे.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे. कीवर्ड्स मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे, तरी तो भरून देण्याचे पैसे घेणारे आजही भेटतात. क्रमवारी वाढवण्यासाठी इतर साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे (लिंक) विकत घेणे तर गूगलच्या धोरणात स्पष्टपणे गैर ठरते.

एका वेळी चार-पाच पानेच बदलावीत, बदलाची तारीख वहीत टिपावी आणि निदान काही आठवडे थांबावे. तुलना मात्र जपून करावी: उन्हाळ्यात आगळाची मागणी आपोआप वाढते, त्यामुळे मे महिन्याचे आकडे जानेवारीशी ताडले, तर उन्हाचे श्रेय तुम्ही आपल्या शीर्षकाला द्याल. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती राखून ठेवते, तेव्हा यंदाचा मे गेल्या वर्षीच्या मे महिन्याशीच ताडून पाहावा.