सासऱ्यांचं बंद घर उघडताना

दापोली तालुक्यातलं माझ्या सासऱ्यांचं घर अकरा वर्षं कुलपात होतं. ठाण्यातली नर्सची नोकरी संपली आणि २०२१ च्या मार्चमध्ये आम्ही दोघं इथे राहायला आलो. मागे नारळ-सुपारीचं आगर, उतारावर हापूसची चौदा कलमं, रातांबे म्हणजे कोकमाची झाडं, एक बरका फणस. शिवाय गोठा, लाकडांची खोपी आणि पडकं न्हाणीघर. तुमच्याही वाट्याला असं घर आलं असेल, तर आधी छपराकडे बघा. रंग, फरशी, फर्निचर सगळं नंतर.

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून छप्पर नीट करणं, होळीनंतर लगेच उरकून घ्या. मे महिन्यात गावातली माणसं आंबा काढण्यात गुंतलेली असतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर पाऊस कधीही गाठतो. आमची निम्मी कौलं ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात गेली होती, वर नुसतं प्लास्टिक होतं. कौलं उतरवली की वासे आणि रिपा कोयत्याच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज आत गेलं, तर वाळवीने आतून खाल्लंय समजा. वरून ते लाकूड धडधाकट दिसतं. नवी कौलं घेताना जुनं एक नमुन्याला सोबत न्या, कारण साचे वेगळे असले की कौल कौलात बसत नाही आणि तिथेच गळतं. शंभरेक कौलं जास्तीची आणून पडवीत रचून ठेवा. वानरं दरवर्षी फोडतात. मागच्या दारी चूल असेल तर ती पेटती ठेवा. धुराने वासे टिकतात, असं इथली जुनी माणसं सांगतात, आणि आमच्या घरात स्वयंपाकघरावरचे वासेच सगळ्यात शाबूत निघाले.

विहिरीचा गाळ काढून झाला की पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची. ती अंदाजाने टाकू नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने गुणा. हे झाले लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल, तर साधारण १४ हजार लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत ओता आणि तासभर थांबा.

पडक्या भिंतीचे चिरे हाताने उचलू नका, पहारीने उलटा. खाली विंचू असतो, कधी फुरसं. साप चावलाच तर दोरी आवळू नका, जखम कापू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. सर्पदंशाची लस कुठल्या दवाखान्यात मिळते, ते आल्या आठवड्यातच विचारून ठेवा. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलंय. या एका चौकशीने वाचणारा अर्धा तास फार मोठा असतो.

गोठ्यामागचा शेणाचा जुना ढीग मी ‘आयतं खत’ म्हणून वर्षभर तसाच ठेवला, आणि आगरातल्या माडांच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी दिसायला लागल्या. गेंड्या भुंगा. त्याच्या पांढऱ्या, जाडजूड अळ्या शेणातच वाढतात. ढीग उपसून अळ्या वेचा, कोंबड्या त्या आवडीने खातात. माडावर चढणारा माणूस आला की त्याच्याकडून पोंग्यातले, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या कोंबातले, भुंगे तारेच्या आकड्याने काढून घ्या आणि वरच्या बेचक्यांत वाळू व डांबरगोळ्या भरून घ्या.

झाडांच्या बाबतीत माझी कळकळीची विनंती आहे : पहिलं वर्षभर एकही झाड तोडू नका. आमच्या तीन रातांब्यांना फळ नव्हतं म्हणून ते सरपणाला काढायचं ठरलं होतं. शेजारच्या काकी धावत आल्या : “अगो, ते नर आहेत! मोहोर येईपर्यंत थांब की.” रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. सातबाऱ्यावर इतर हक्कांत कोणाचं नाव आहे, तेही आधी बघा. आंबा-फणस तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते.

बांडगुळ मात्र लगेच काढा. आंब्याच्या पानांत जाड, बोथट पानांचा वेगळा झुबका दिसला की तेच. नुसता झुबका ओढून उपयोग नाही. जिथे ते चिकटलंय त्याच्या हातभर खालून फांदीच कापायची, आणि फळ धरण्याआधी. नाहीतर पक्षी बी दुसऱ्या कलमावर नेतात. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा. भोकात तार घालून अळी काढा, रॉकेलचा बोळा कोंबा, वर चिखल लिंपा.

म्हातारी, आकाशाला भिडलेली कलमं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटून खाली घेता येतात. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात याची माहिती मिळते. कापलेल्या भागावर लगेच बोर्डो पेस्ट लावायची : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि मोरचूद प्लास्टिकच्याच बादलीत भिजवायचा. सगळी कलमं एकदम छाटू नका, दोन-तीन वर्षं त्यांना फळ नसतं. आम्ही विहिरीजवळची तीनच घेतली. २०२४ च्या मेमध्ये त्यातल्या दोघांनी मिळून तीन पेट्या दिल्या. तिसऱ्याच्या बुंध्यात खोडकिडा होता, ते अजून नुसती पालवी काढतंय.