स्वस्त पेडोमीटरची पारख कशी करावी

पेडोमीटर म्हणजे पावले मोजणारे लहान यंत्र. ते विकत घेताना दुकानदार प्रथम त्याची सारी वैशिष्ट्ये दाखवतो: किलोमीटर, कॅलरी, घड्याळ, सात दिवसांची नोंद. यांतील अंतर आणि कॅलरी हे दोन्ही आकडे पावलांच्या संख्येवरून काढलेले असतात, त्यामुळे ती संख्याच चुकली तर पुढचे सारे गणित फुकट जाते. म्हणून पारख करायची ती मोजणीची.

यंत्र कोणत्या जातीचे आहे, हे आधी ओळखावे. ते कानाजवळ धरून हलकेच हलवल्यावर बारीक टकटक ऐकू आली, तर आत स्प्रिंगवर टांगलेला लहानसा दांडा आहे असे समजावे. चालताना कमरेला बसणाऱ्या हिसक्याने हा दांडा खालीवर होतो आणि दर खेपेला एक पाऊल मोजले जाते. असे यंत्र उभेच राहिले पाहिजे. पोट सुटलेल्या माणसाच्या पट्ट्यावर ते पुढे कलते आणि पावले गाळू लागते. आवाज येत नसेल, तर आत बहुधा मोबाइलमध्ये असतो तसा हालचाल टिपणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. तो तीन दिशांचा असेल, तर यंत्र खिशात आडवेतिडवे ठेवले तरी चालते. साडी नेसणाऱ्या किंवा नाडीची सलवार घालणाऱ्या स्त्रियांनी शक्यतो हीच जात निवडावी, कारण नाडीला अडकवलेले यंत्र सरळ उभे राहत नाही.

दुकानातच पाहून घेण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. क्लिप घट्ट असावी, आकडा शून्यावर नेणारे बटण चुकून दाबले जाणार नाही असे झाकलेले असावे आणि सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळेल असा असावा.

खरी परीक्षा मैदानावर होते. नाशिकमध्ये त्यासाठी गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक उत्तम. यंत्र कमरेच्या पट्ट्याला, एका गुडघ्याच्या बरोबर वरच्या रेषेत लावावे, आकडा शून्यावर आणावा आणि नेहमीच्या चालीने न थांबता १०० पावले मनात मोजत चालावे. दर दहा पावलांना एक बोट मिटले की हिशेब चुकत नाही. जपानच्या औद्योगिक मानकात ३ टक्क्यांपर्यंतची चूक ग्राह्य धरली आहे, म्हणजे आकडा ९७ ते १०३ यांच्या दरम्यान यावा. (रोज १०,००० पावलांचा प्रसिद्ध दंडकही जपानचाच, १९६५ च्या सुमारास तेथे विक्रीस आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून तो रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे.) दुकानात दहा पावले टाकून ही परीक्षा होत नाही, कारण अनेक इलेक्ट्रॉनिक यंत्रे सुरुवातीची काही पावले रोखून धरतात आणि चाल सलग राहिली तरच ती जमेस धरतात.

ही चाचणी निदान तीनदा करावी आणि सरासरीवर विसंबू नये. ९२, १०४ आणि ९८ असे आकडे आले, तर सरासरी ९८ भरते, तरीही ते यंत्र भरवशाचे नाही. उलट दर खेपेला ९५ किंवा ९६ दाखवणारे यंत्र मानकात बसत नसले, तरी स्वस्तात मिळाले असेल तर मी ते ठेवून घेईन. त्याची खोड ठाऊक असते आणि आजची चाल कालच्यापेक्षा जास्त झाली की कमी, एवढे ते नीट सांगते.

यानंतर तीच १०० पावले संथपणे चालून पाहावीत. ताशी सुमारे ३ किलोमीटरच्या खाली कमरेला बसणारा हिसका इतका मंद असतो की स्वस्त यंत्रे येथेच हमखास उघडी पडतात. घरातील वडीलधाऱ्यांसाठी यंत्र घ्यायचे असेल, तर चाचणीही त्यांच्याच चालीने करावी.

नसलेली पावले मोजणे हा दुसरा दोष. शालिमारहून नाशिकरोडला शेअर रिक्षाने जाताना बसण्यापूर्वीचा आणि उतरल्यानंतरचा आकडा टिपून ठेवावा. माझ्या पहिल्या यंत्राने एवढ्या प्रवासात मला चारशेच्या वर पावले बहाल केली होती. थोडी वाढ चांगल्या यंत्रातही होते, पण शेकड्यांत होऊ लागली तर ते परत करावे.

अंतर हवे असेल, तर पावलाची लांबी स्वतः मोजून भरावी. २० पावले चालून ते अंतर टेपने मोजावे आणि २० ने भागावे. अंतर १३ मीटर भरले, तर पाऊल ६५ सेंटिमीटरचे झाले. यंत्रात आधीपासून ७५ सेंटिमीटर भरलेले असेल आणि आपण ते बदलले नाही, तर ६,००० पावलांचे खरे अंतर ३.९ किलोमीटर असताना ४.५ किलोमीटर दिसेल. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मात्र हा हिशेबही लागू पडत नाही. तेथे फक्त पावले पाहावीत. कॅलरीचा आकडा तर यंत्रांची तुलना करताना विचारातच घेऊ नये.

या सर्व चाचण्या माल परत करण्याची मुदत संपण्याआधी उरकाव्यात आणि तोवर पावती जपून ठेवावी. पुढे सेल बदलल्यावर किंवा यंत्र हातून पडल्यावर १०० पावलांची चाचणी तेवढी पुन्हा करावी.