तालमीत त्वचेचा संसर्ग कसा टाळावा

कुस्तीत अंगाला अंग भिडल्याशिवाय डाव बसत नाही, त्यामुळे एका पैलवानाच्या मानेवरचे किंवा जांघेतील गजकर्ण, म्हणजे बुरशीमुळे होणारा त्वचारोग, काही आठवड्यांत निम्म्या तालमीला होऊ शकते. आखाड्याच्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मिसळण्याची आपली पद्धत जपण्यासारखीच आहे, मात्र त्यामुळे माती निर्जंतुक होते असे कोणीही गृहीत धरू नये.

मेहनत संपल्यावर घाम अंगावर वाळू न देता लगेच साबणाने आंघोळ करावी आणि काखा, जांघा व पायाच्या बोटांमधील जागा पूर्ण कोरडी करूनच कपडे घालावेत. लंगोट रोज धुऊन कडक उन्हात वाळवावा. ओला लंगोट पिशवीत कोंबून संध्याकाळी पुन्हा कसणे ही बुरशीला दिलेली उघड संधी आहे. टॉवेल, वस्तरा आणि साबणाची वडी प्रत्येकाची वेगळी असावी. ओरखड्यांतून जंतू आत शिरतात, म्हणून नखे नेहमी कापलेली असावीत.

मॅट रोज आधी झाडून, नंतर जंतुनाशकाने पुसावी, कारण धूळ आणि घामाचा थर राहिला तर औषधाचा प्रभाव कमी होतो. 4 ते 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले घरगुती ब्लीच दहा लिटर पाण्यात 100 मिलिलिटर या प्रमाणात मिसळून, मॅट दहा मिनिटे ओली राहू द्यावी आणि वाळल्यावरच सराव सुरू करावा. हे द्रावण रोज ताजे करावे व त्यात संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शौचालयात घातलेल्या चपला मॅटच्या कडेपर्यंतही येऊ देऊ नयेत.

सरावापूर्वी वस्तादांनी उजेडात प्रत्येकाची त्वचा पाहावी. कडा उठलेला, खाजणारा गोल चट्टा हे बहुधा गजकर्ण असते. मधासारख्या पिवळ्या खपल्या किंवा दुखणारे, पू धरलेले गळू जिवाणूंमुळे होते. आणि चेहऱ्यावर किंवा मानेवर चुरचुरणाऱ्या बारीक फोडांचा पुंजका नागिणीच्या जातकुळीतील हर्पिस विषाणूचा असू शकतो. यांपैकी काहीही दिसल्यास त्या पैलवानाने जोर-बैठका एकट्याने माराव्यात, परंतु लढत करू नये. फोड डोळ्याजवळ असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

सर्वाधिक नुकसान होते ते दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमांमुळे. त्यांत क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते, त्यामुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि पोराला बरे वाटते, पण बुरशी आत पसरत राहते. भारतात टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारे गजकर्ण वाढले आहे आणि त्यामागे या मलमांचाही हात असल्याचे मानले जाते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे. अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीत अंगावरच्या गजकर्णावर किमान 72 तास उपचार झाल्याशिवाय मल्लाला उतरू देत नाहीत. आपल्याकडील चिवट बुरशी पाहता डॉक्टरांच्या संमतीपर्यंत थांबणेच योग्य.

पोरे चट्टा लपवतात, कारण कुस्त्यांचे मैदान जवळ आलेले असते आणि तालमीत हसे होण्याची भीती वाटते. तेव्हा वस्तादांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की दुखणे वेळेवर सांगणाऱ्याची जागा जाणार नाही. मातीत खेळणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लसही वेळेवर घ्यावी आणि खरचटलेली जागा साबण-पाण्याने धुऊन झाकल्याशिवाय पुन्हा हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, उतरू नये.