जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सने पहिले पोर्ट्रेट: पडवीपासून किनाऱ्यापर्यंत

जुनी मॅन्युअल फोकस पोर्ट्रेट लेन्स हाती आली की बहुतेक जण पहिल्याच दिवशी तिचे अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडतात, कारण धूसर पार्श्वभूमीच्या ओढीनेच ती घेतलेली असते. माझा आग्रह याच्या नेमका उलट आहे. पहिल्या दिवशी अपर्चर एफ/४ वर ठेवावे (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), ओळखीच्या एकाच व्यक्तीला एकाच जागी बसवावे, आणि डोळ्यावर फोकस धरण्याचा सराव हाताला झाला की मगच अपर्चर हळूहळू उघडत जावे.

या आग्रहामागचे कारण आकड्यांत पाहिले की पटते. १०५ मिमीची लेन्स फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या आकाराचा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर एफ/२.५ ला वापरली आणि चेहरा २ मीटरवर असला, तर सुस्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची एकूण खोली साधारण ५ सेंटीमीटर भरते. एफ/४ ला ती साधारण ८ आणि एफ/५.६ ला १२ सेंटीमीटर होते. नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ आणि अंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळलेल्या एखाद्या काकींचे पोर्ट्रेट घेताना या आकड्यांचा अर्थ प्रत्यक्ष कळतो. एफ/२.५ ला फोकस डोळ्यावर धरला तर डोळ्याच्या पुढे असलेली नथ बहुधा मऊ पडते. एफ/४ ला नथ आणि डोळा दोन्ही सांभाळता येतात, आणि मागची अबोली केवळ केशरी रंगाच्या डागांइतकी उरते. नथ हरवलेले पोर्ट्रेट घरच्या माणसांना आवडत नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त असते.

कोणत्या लेन्सने सुरुवात करावी, यावर फार काथ्याकूट करण्याची गरज नाही. निकॉनची निक्कोर १०५ मिमी एफ/२.५ ही निकॉनच्या एफ माउंटसाठी (कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याच्या पद्धतीसाठी) १९५९ मध्ये आली, १९७१ मध्ये तिची आतली काचरचना बदलली, आणि दोन्ही रूपांत ती चेहऱ्यासाठी उत्तम आहे. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स कार्ल झाइस येनाच्या बायोटार या लेन्सवर बेतलेली आहे आणि भोवऱ्यासारख्या फिरत्या पार्श्वभूमीसाठी ती ओळखली जाते. ज्युपिटर-९ ही ८५ मिमी एफ/२ लेन्सही त्याच देशातली. तिच्या अपर्चरला १५ पाती असल्यामुळे ते बंद करत नेले तरी प्रकाशाचे ठिपके गोल राहतात. कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, आकाराचा असेल तर १०५ मिमीची चौकट सुमारे १५७ मिमीइतकी अरुंद होते आणि छोट्या पडवीत मागे सरकायला जागा उरत नाही. अशा कॅमेऱ्यावर ८७ मिमीसारखी चौकट देणारी हेलिओस जास्त सोयीची पडते.

लेन्स विकत घेताना, किंवा घरातल्या कपाटातून बाहेर काढताना, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च तिच्या मागच्या बाजूने लावून पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि आपल्या दमट कोकण किनारपट्टीवर जुन्या लेन्सचा खरा शत्रू तीच आहे. सगळीकडे सारखा पांढुरका थर दिसला तर तो आतला धुरकटपणा असतो, आणि त्यामुळे चित्राचा कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद भागांतला फरक) उतरतो. दोन-चार धूलिकणांनी मात्र चित्रात काहीही फरक पडत नाही. फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जोराने फिरली पाहिजे. मध्येच ती जड किंवा सैल लागली तर आतले ग्रीस सुकलेले वा विरघळलेले आहे असे समजावे.

कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर जोडणीचा प्रश्न साध्या ॲडॅप्टरने सुटतो. एम४२ लेन्सला (४२ मिमी पेचाने बसणाऱ्या, हेलिओससारख्या) सेन्सरपासून ४५.४६ मिमी आणि निकॉन एफ लेन्सला ४६.५ मिमी अंतर लागते, तर सोनी ई माउंटमध्ये ते १८ आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमीच असते. मधली पोकळी ॲडॅप्टर भरून काढतो, त्यात काच लागत नाही. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) एम४२ लेन्स लावली तर दूरच्या वस्तूंवर फोकस पोहोचत नाही, आणि म्हणून काच बसवलेला ॲडॅप्टर घेण्याचा सल्ला दिला जातो. केवळ पोर्ट्रेटसाठी तो घेऊ नये असे मी सुचवेन. बिनकाचेच्या पातळ ॲडॅप्टरने हेलिओसचा फोकस दीड-दोन मीटरपलीकडे जात नाही, पण चेहरा त्याच्या आतच असतो, आणि स्वस्त काचेमुळे बिघडणारे चित्र वाचते.

कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर उघडण्याची परवानगी चालू करावी, कारण कॅमेऱ्याला ही लेन्स दिसतच नाही. सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा असल्यास तिच्यात लेन्सची खरी फोकल लेंग्थ (तिच्यावरचा मिमीचा आकडा) भरावी. १०५ मिमीच्या लेन्सला ५० चा आकडा राहून गेला तर यंत्रणा चुकीच्या मापाने हालचाल करते. शटर स्पीड १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नये आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर सोडावा. अपर्चरचा आकडा फोटोच्या माहितीत नोंदला जात नाही, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर वहीत अपर्चर आणि अंतर लिहून ठेवण्याची सवय सुरुवातीपासूनच लावावी. हेलिओस ४४-२ वर अपर्चरच्या दोन रिंग असतात: एकीवर हवा तो आकडा आधी ठरवून ठेवायचा, आणि दुसरी फिरवून पाती उघडायची किंवा त्या आकड्यापर्यंत मिटायची. उघड्या अपर्चरला फोकस करून मग डोळा न हलवता रिंग मिटण्याची ही पद्धत सुरुवातीला अवघड वाटली तरी हात लवकर वळतो.

माणसाआधी वर्तमानपत्र. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तुळशी वृंदावनाच्या कट्ट्यावर वर्तमानपत्राचे पान तिरके टेकवावे, मधल्या एका ओळीवर फोकस करावा आणि मोठे करून पाहावे की खरोखर कोणती ओळ सर्वांत ठसठशीत आली आहे. पूर्ण उघड्या अपर्चरला अक्षरांभोवती मंद उजेडाची झालर दिसली तर ती बिघाड समजू नये. ती जुन्या काचरचनेतल्या गोलीय दोषाची खूण आहे. अपर्चर एक-दोन टप्पे बंद केले की ती जाते, आणि चेहऱ्याच्या त्वचेवर हीच झालर पुष्कळदा सुंदर दिसते.

यानंतर पडवी. कोकणातल्या घराची पडवी हा पोर्ट्रेटचा बांधून तयार असलेला स्टुडिओ आहे, असे मला मनापासून वाटते: वर उतरते कौलारू छप्पर, एका बाजूने मोकळे खळे, आणि आत गेल्यावर पावलापावलाने कमी होत जाणारा उजेड. व्यक्तीला पडवीच्या कडेपासून हातभर आत, खळ्याकडे अर्धवट तोंड करून बसवावे, म्हणजे एका गालावर उजेड आणि दुसऱ्या गालावर सौम्य सावली पडते. जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट मुळातच कमी असल्यामुळे अशा बाजूच्या उजेडात चेहऱ्याला जो उठाव मिळतो तो समोरच्या उजेडात मिळत नाही. मागे जांभ्याची भिंत असेल तर तिच्यावरून परतणारा उजेड तांबूस असतो; ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सोय) प्रत्येक फोटोत वेगळा रंग देऊ लागतो, म्हणून तो एकदा ठरवून कायम करावा.

व्यक्तीला झोपाळ्यावर बसवण्याचा मोह टाळावा. उभे असलेले माणूससुद्धा नकळत दोन-तीन सेंटीमीटर मागेपुढे डुलते, आणि ५ ते ८ सेंटीमीटरच्या पट्ट्यात तेवढेही जड जाते. झोपाळ्याची तर गोष्टच वेगळी. पाठ खांबाला टेकवून पाटावर किंवा लाकडी बाकावर बसवणे सर्वांत चांगले. सुपात तांदूळ निवडत बसलेली आजी ही पहिल्या दिवसासाठी आदर्श व्यक्ती आहे, कारण तिचे हात कामात असतात, ती कॅमेऱ्याला अवघडत नाही, आणि मान वर करून बोलते तेव्हा डोके जवळजवळ त्याच जागी परत येते. फोटो कशासाठी आणि किती वेळ घ्यायचे आहेत हे तिला आधी नीट सांगावे. या लेन्सने एकेका फोटोला वेळ लागतो, आणि समोरच्याला ते माहीत असेल तर तो घाई करत नाही.

फोकसची माझ्या मते खात्रीची रीत अशी आहे. चौकट आधी ठरवावी, मग पडद्यावर चित्राचा भाग मोठा करून दाखवणाऱ्या मॅग्निफायरची खिडकी कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर न्यावी आणि पापण्यांचे केस वेगवेगळे दिसेपर्यंत रिंग सावकाश फिरवावी. तिथून पुढे रिंगला हात लावू नये. कोपर बरगडीला टेकवून स्वतःचे शरीर इंचभर पुढेमागे न्यावे आणि बुबुळ तीक्ष्ण दिसेल त्या क्षणी शटर दाबावे. मध्यावर फोकस करून मग कॅमेरा वळवण्याची जुनी सवय इथे घातक ठरते, कारण कॅमेरा वळताच फोकसचे प्रतल सरकते. रंगीत कडा दाखवणाऱ्या पीकिंगवरही पूर्ण विसंबू नये: ते भुवईवर किंवा साडीच्या जरीकाठावर ठळक चमकते, आणि उघड्या अपर्चरच्या मऊ चित्रात त्याचा पट्टा प्रत्यक्षापेक्षा रुंद भासतो. डीएसएलआर वापरणाऱ्यांनी व्ह्यूफाइंडरऐवजी लाइव्ह व्ह्यू आणि ट्रायपॉड वापरावा.

एफ/४ ला दहापैकी सात-आठ फोटोंत डोळा तीक्ष्ण येऊ लागला की २.५ किंवा २ कडे वळावे, आणि तेव्हा जागा बदलून नारळी-पोफळीच्या वाडीत जावे. हेलिओसची फिरती पार्श्वभूमी भिंतीसमोर दिसतच नाही. तिला मागे चार-पाच मीटरवर पानांतून डोकावणारे उजेडाचे असंख्य ठिपके लागतात, आणि चेहरा मीटर-दीड मीटरवर असावा लागतो. चौकटीच्या कडेला हे ठिपके कापले जाऊन बदामी आकाराचे होतात आणि मध्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. एपीएस-सी सेन्सर कडाच कापतो, म्हणून त्यावर हा परिणाम सौम्य होतो. वाडीत एक अडचण हमखास येते: पानांतून गाळून येणारा उजेड त्वचेला हिरवट करतो. व्यक्तीला वाडीच्या मध्यात न नेता पाणंदीच्या कडेला, मोकळ्या आकाशाखाली आणि वाडीकडे पाठ करून उभे केले, तर चेहऱ्यावर स्वच्छ उजेड येतो आणि ठिपके मागे मिळतात.

किनाऱ्यावर मात्र दिशेचा विचार आधी करावा. आपला समुद्र पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभ्या केलेल्या माणसाच्या मागे सूर्य येतो, आणि एकाच थराचे कोटिंग असलेल्या किंवा कोटिंग झिजलेल्या लेन्सवर त्या उजेडाचा पांढुरका पडदा चढतो. ओढणीच्या किंवा पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला जांभळी किनारही उमटते. हुड लावल्याने आणि सूर्य चौकटीबाहेर ठेवल्याने हे पुष्कळ कमी होते. पण त्याहून चांगला उजेड सूर्य बुडाल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत मिळतो. त्या वेळी आपण समुद्राकडे पाठ करावी, माणसाला समुद्राकडे तोंड करायला सांगावे आणि मागे सुरूचे बन घ्यावे. सगळे पश्चिमेचे आकाश चेहऱ्यावर समान, उबदार उजेड टाकते, आणि सुरूच्या फांद्यांतून दिसणारे आभाळ गोल ठिपक्यांत विरघळते. याउलट सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने वर येतो, त्यामुळे समुद्राची पार्श्वभूमी हवी असेल तर ती सकाळीच घ्यावी.

हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहून कोणाचाही हात कॅमेऱ्याकडे जाईल, परंतु या लेन्सचा तो पहिला धडा होऊ शकत नाही. तिथे जायचेच असेल तर डोळ्यावर फोकस धरण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, रिंग ३ मीटरवर आणि अपर्चर एफ/८ वर ठेवावे; १०५ मिमीला या जोडीने सुमारे ४० सेंटीमीटर खोली मिळते, आणि माणूस त्या अंतरावर आला की शटर दाबायचे एवढेच काम उरते. ओळखपाळख नसलेल्या कोळणीचा चेहरा जवळून टिपण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी, आणि लिलाव ऐन रंगात असताना तिला थांबवू नये.

लेन्स बदलण्याचे काम वाळूवर करू नये. जुन्या लेन्सना रबरी सील नसतात आणि रिंगच्या चरीत गेलेला एक कण पुढे कायम खरखरत राहतो. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्स अर्धा तास पिशवीतच राहू द्यावी, नाहीतर दमट हवा लागताच काचेवर बाष्प धरते. घरी आल्यावर पुढच्या काचेवरचे खारे कण कोरड्या फडक्याने पुसू नयेत, कारण ते कोटिंगवर ओरखडे पाडतात. आधी ब्लोअरने वाळू उडवावी, मग लेन्स साफ करण्याच्या द्रवात भिजवलेल्या मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. लेन्सबरोबर आलेली चामड्याची मूळ पेटी कितीही देखणी असली तरी लेन्स तीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि बुरशीला तेच हवे असते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढे पुरते. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात सिलिका जेल लवकर भरते, म्हणून दर पंधरवड्याला ते गरम करून कोरडे करावे, आणि त्याच वेळी लेन्स बाहेर काढून, रिंगा पूर्ण फिरवून, टॉर्चच्या उजेडात पुन्हा एकदा पाहून घ्यावी.