हिमोग्लोबिन कमी निघालं? आधी चहाची वेळ बदला

माझी धाकटी जाऊ तांदूळ निवडायला बसली की चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. सासूबाई हसायच्या, "लग्नात पाऊस पडते बापा!" लग्नाला तर सहा वर्षं होऊन गेली होती. जिना चढताना लागणारी धाप, संध्याकाळी गळून जाणारे पाय, हे सगळं आम्ही नागपूरच्या उन्हाच्या नावावर टाकलं. गल्लीतल्या एका दवाखान्यात तिला दोनदा "ताकदीची सलाईन" लागली. त्या बाटलीत मिठाचं नाहीतर साखरेचं पाणी असतं, लोह नसतं. शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 8.4 निघालं. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ खावासा वाटणं हे अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

हे घरोघरी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. तुमच्या घरात कोणाचा रिपोर्ट असा आला, तर या क्रमाने चला.

1. रिपोर्ट पूर्ण वाचा

बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदर असेल तर 11 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच कागदावर एमसीव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे लाल पेशीचा आकार. तो 80 च्या खाली असेल तर बहुधा लोहाची कमतरता. 100 च्या वर असेल तर संशय बी-12 किंवा फॉलिक अ‍ॅसिडवर जातो. डॉक्टरांना विचारून फेरिटिनही करून घ्या. हिमोग्लोबिन म्हणजे दुकानात मांडलेला माल आणि फेरिटिन म्हणजे लोहाचं गोदाम. ते 15 च्या खाली गेलं की गोदाम रिकामं समजा. मात्र अंगात ताप किंवा सूज असताना हा आकडा फुगतो, तेव्हा त्यावर विसंबू नका.

2. गोळीआधी सिकलसेल तपासा

पुण्या-मुंबईच्या लेखांत ही पायरी सहसा नसते, पण विदर्भात ती सोडून चालणार नाही. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार, बराच आढळतो आणि त्यातही हिमोग्लोबिन कमीच येतं. थॅलेसेमिया मायनर या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषात तर एमसीव्हीही कमी दिसतं, अगदी लोह कमी असल्यासारखं. अशा माणसाला अंगात पुरेसं लोह असताना महिनोन्महिने गोळ्या दिल्या तर फायदा काहीच नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात तर आधीच लोह साठत जातं. सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी चाचणी आणि मग हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी, एवढ्याने उलगडा होतो. सरकारी रुग्णालयात विचारा. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. लग्नाच्या मुलामुलींनी ही तपासणी पत्रिकेच्या आधी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

3. रक्त कुठे जातंय ते शोधा

पाळी फार जाते का, मूळव्याध आहे का, पोटात जंत आहेत का. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोह कमी पडत असेल तर ताटाला दोष देण्याआधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, आतून रक्त जात असू शकतं.

4. ताट नाही, ताटाची वेळ बदला

आता आपले तर्री पोहे घ्या. पोह्यांत थोडं लोह, तर्रीतल्या हरभऱ्यात लोह, वरून पिळलेल्या लिंबात क जीवनसत्त्व. भाजीपाल्यातलं, डाळीतलं लोह अंगी लागायला अवघड असतं आणि क जीवनसत्त्व ते सोपं करतं. म्हणजे ठेल्यावरची ही प्लेट मुळात चांगलीच. पण पुढच्या मिनिटाला आपण काय करतो? "दोन कट द्या भाऊ." चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि बरंचसं लोह तसंच बाहेर जातं. चहा सोडा असं मी म्हणत नाही. नागपुरात राहून ते सांगायची माझी हिंमतही नाही. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको, एवढंच पाळा.

जेवणात चवळई, मेथी, हरभऱ्याची भाजी, उन्हाळ्यात चिवळ, सोबत डाळ किंवा फुटाणे. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळा, कढईत उकळलं की क जीवनसत्त्व कमी होतं. हिवाळ्यात संत्री आहेतच, जेवणाला लागूनच खा. उन्हाळ्यात कच्च्या कैरीच्या फोडी. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर थोडं लोह कढईतूनही उतरतं. गुळावर मात्र फार भरवसा ठेवू नका, खड्याएवढ्या गुळाने काही होत नाही. मांसाहारी घरात मटण आणि कलेजी उत्तम, त्यातलं लोह सहज अंगी लागतं. गरोदर बाईला मात्र कलेजी देऊ नका, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

बी-12 डाळ-भाजीत नसतंच. दूध, दही, अंडी, मटण यातून ते मिळतं. शाकाहारी माणसाच्या पायाला मुंग्या येत असतील, जीभ सोलल्यासारखी लाल झाली असेल, तर ते तपासा.

5. गोळी नीट घ्या

हिमोग्लोबिन 8-9 वर आलं असेल तर नुसत्या जेवणाने भागत नाही, डॉक्टर लिहून देतील ती गोळी लागतेच. ती लिंबूपाण्याबरोबर, शक्यतो रिकाम्या पोटी घ्या. मळमळलं तर थोडं खाऊन. दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. संडास काळी होते, त्याला घाबरू नका. त्रास फारच झाला तर गोळी बंद करण्यापेक्षा एक दिवसाआड चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

महिन्याने पुन्हा तपासा. जाऊचं 8.4 वरून 9.9 झालं आणि तांदळाची चटक त्याआधीच सुटली होती. चौथ्या महिन्यात 12.1 आल्यावर तिने गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. डॉक्टरांनी ते परत बाहेर काढायला लावलं, गोदाम भरायला आणखी तीन महिने लागतात म्हणून. सासूबाई आता दुपारचा चहा चार वाजता मांडतात, आणि कुरकुर करतात.