मुलाखतीत उमेदवाराची कल्पकता कशी जोखावी

‘तुम्ही किती कल्पक आहात?’ असं थेट विचारलं की प्रत्येक उमेदवार पाठ केलेलं उत्तर देतो, कारण दुसरं काही बोलायला त्याला वावच नसतो. ‘मॅनहोलचं झाकण गोलच का असतं?’ अशी कोडी घातली तर त्याने ते कोडं आधी ऐकलंय की नाही, एवढंच समजतं. खरं पाहायचं असतं ते वेगळंच: काम अडलं की हा माणूस नवी वाट शोधतो का, आणि त्या वाटेने खरंच जाता येतं का.

तासाभराच्या मुलाखतीत हे पाहता येतं. मात्र प्रश्न, वेळेची वाटणी आणि गुण द्यायची पद्धत उमेदवार आत येण्याआधी कागदावर उतरलेली हवी. नोकरीसाठीच्या निवडपद्धतींवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा मानसशास्त्रज्ञ श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये घेतला. मुलाखतीतले गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) आखीव मुलाखतीत ०.५१, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीत ०.३८ आढळला. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच आकडे नव्याने तपासले, तेव्हा ते ०.४२ आणि ०.१९ निघाले. दोन्ही आकडे उतरले, पण त्यांच्यातली दरी वाढली. कल्पकतेसारख्या निसरड्या गुणाच्या बाबतीत तर आखणीशिवाय पुढे जाऊच नये.

पदाला नेमकी कोणती कल्पकता हवी ते आधी लिहा

कल्पकता म्हणजे नवं आणि उपयोगी, दोन्ही एकाच वेळी. पण जाहिरातीची संकल्पना रचणाऱ्याचं ‘नवं’ आणि गोदामातला माल वेळेत बाहेर काढणाऱ्याचं ‘नवं’ एकसारखं नसतं. ते पद सध्या सांभाळणाऱ्या किंवा त्याच्याशी रोज संबंध येणाऱ्या तीन-चार जणांना एकच प्रश्न विचारा: ‘गेल्या वर्षभरात नेहमीची पद्धत चालली नाही असा प्रसंग कोणता आणि तेव्हा कोणी काय केलं?’ पाच-सहा प्रसंग जमले की सूत्र दिसायला लागतं. कुठे एकाच अडचणीवर झटपट दहा पर्याय लागतात, कुठे एकच पर्याय पण तो तुटपुंज्या साधनांत बसवावा लागतो, तर कुठे मुळात प्रश्नच चुकीचा मांडलाय हे ओळखावं लागतं. यातलं तुमच्या पदाला काय लागतं ते दोन वाक्यांत लिहून ठेवा.

प्रसंगच जमले नाहीत, तर त्या पदाला कल्पकतेची फारशी गरज नाही. मग तिच्यासाठी मुलाखतीतली अर्धी वेळ घालवू नका. अचूकता किंवा नियमपालन हाच गाभा असलेल्या कामासाठी कल्पकतेवर माणूस निवडला तर तो आणि काम, दोघांचंही नुकसान होतं.

साठ मिनिटांची वाटणी

ओळख आणि स्वरूप सांगायला ५ मिनिटं, मागच्या कामावरच्या दोन प्रश्नांना २०, समोर सोडवायच्या प्रसंगाला २५ आणि उमेदवाराच्या प्रश्नांना १०. सुरुवातीलाच सांगून टाका की एक प्रसंग देणार आहोत, विचार करायला शांत वेळ मिळेल आणि एकच बरोबर उत्तर अपेक्षित नाही. अचानक धक्का देण्याने घाबरणं मोजलं जातं, कल्पकता नव्हे.

मागच्या कामावरचे प्रश्न

दोन पुरेत. पहिला: ‘ठरलेली पद्धत उपयोगी पडली नाही म्हणून तुम्ही वेगळी पद्धत काढलीत, असा एक प्रसंग सांगा.’ दुसरा: ‘तुमची एखादी कल्पना अमलात आणल्यावर फसली, तो प्रसंग सांगा.’ प्रश्न सगळ्यांना याच शब्दांत विचारा. कस लागतो तो पुढच्या खोदून विचारण्यात:

- त्यात नेमका तुमचा भाग कोणता होता?
- ही कल्पना सुचण्याआधी आणखी कोणते पर्याय समोर होते, आणि ते का सोडले?
- ती कशावरून सुचली?
- चालतेय की नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

या चारांतला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ज्याने स्वतः विचार केलाय त्याला टाकून दिलेले पर्याय आठवतात, त्यातला कोणता खर्चामुळे गेला आणि कोणता वेळेमुळे हेही तो सांगू शकतो. दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून सांगणाऱ्याकडे फक्त शेवटचा, यशस्वी पर्याय असतो. ‘आम्ही केलं’ हे उत्तर मात्र लगेच संशयाने घेऊ नका. अनेकांना ‘मी’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. शांतपणे पुन्हा एकदा विचारा, बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

समोर सोडवायचा प्रसंग

मुलाखतीचा हा गाभा आहे, म्हणून तयारीचा सर्वाधिक वेळ इथे द्या. प्रसंग कामाच्या जातीचा हवा, पण तुमच्या संस्थेतली चालू अडचण नको. एक तर ते फुकट काम करून घेतल्यासारखं होतं. शिवाय त्यावर तुमची मतं आधीच ठरलेली असतात, त्यामुळे जो तुमच्या मनातलं बोलेल तो कल्पक वाटतो. ज्याला तुमच्या क्षेत्राची खास माहिती नाही त्यालाही दोन मिनिटांत समजेल, इतपत सोपा प्रसंग लिहा.

सेवा विभागाच्या पदासाठी असा प्रसंग चालेल: ‘एका दवाखान्यात रोज ४० रुग्णांना वेळ दिली जाते. त्यातले सरासरी १२ येत नाहीत आणि कळवतही नाहीत. नवा माणूस नेमायचा नाही आणि न येणाऱ्याला दंड करायचा नाही. काय काय करता येईल?’

यासोबत मुलाखतकारांसाठी वेगळा माहितीचा कागद तयार ठेवा. त्यातलं काहीही आपणहून सांगायचं नाही, विचारलं तरच सांगायचं. वरच्या प्रसंगासाठी उदाहरणार्थ: न येणाऱ्या १२ पैकी ९ जणांनी वेळ तीन आठवड्यांहून आधी घेतलेली असते, दवाखान्याचा फोन फक्त सकाळी १० ते १२ उचलला जातो, सकाळच्या पहिल्या तासात जवळजवळ सगळे येतात. ‘न येणारे कोण आहेत?’ असं विचारणारा उमेदवार इथे वेगळा उठून दिसतो. प्रश्नाची मांडणी तपासून पाहण्याची ही सवय केवळ पर्यायांची यादी मोजून सापडत नाही.

आता क्रम:

१. प्रसंग छापील द्या. कोरा कागद, पेन आणि पूर्ण ५ मिनिटं शांतता. या वेळात पॅनेलने आपसांत बोलू नये, उमेदवाराकडे टक लावून पाहू नये.

२. सुचलेलं सगळं मांडायला सांगा. मध्ये ‘वा’, ‘हे जमणार नाही’ असं काहीही नको. पहिल्या कल्पनेला मान डोलावली की उमेदवार तिच्याभोवतीच घुटमळतो.

३. थांबल्यावर विचारा, ‘अजून?’ आणि २० सेकंद गप्प राहा. हे दोनदा करा. सुरुवातीला येतात त्या सर्वांना सुचणाऱ्या कल्पना, नेहमीपेक्षा वेगळ्या कल्पना यादीच्या शेवटाकडे येतात, हे ख्रिस्टेन्सन, गिलफर्ड आणि विल्सन यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं. घाईने पुढे जाणारा मुलाखतकार नेमका हाच भाग गमावतो.

४. त्यातली एक निवडायला सांगा. का निवडली, सोमवारी सकाळी पहिलं काम काय कराल, आणि कोणाचा विरोध होईल?

५. मग एक अट बदला: ‘समजा, निम्म्या रुग्णांकडे मोबाइलच नाही. आता?’ काही जण आपल्या उपायाला ठिगळ लावतात, काही तो सोडून देतात. चांगला उमेदवार आपला उपाय मुळात कशामुळे चालणार होता तिथे परत जातो आणि तेच कारण दुसऱ्या मार्गाने साधतो. हा क्षण पाठ करून येता येत नाही, म्हणून तो टाळू नका.

हा प्रसंग उमेदवारांना देण्याआधी सध्याच्या पाच-सहा कर्मचाऱ्यांना देऊन पाहा. तो समजायला जड आहे का हे कळतंच, पण मोठा फायदा वेगळा: निम्म्या किंवा अधिक जणांना सुचलेल्या कल्पनांची ‘नेहमीच्या कल्पनां’ची यादी हाती येते. नावीन्य या यादीशी ताडून ठरवायचं, मुलाखतकाराला किती नवल वाटलं यावरून नाही.

गुण कसे द्यावेत

गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात कल्पकतेच्या अभ्यासाचा आग्रह धरला. त्यानंतर रूढ झालेल्या चाचण्यांमध्ये चार बाजू पाहिल्या जातात: कल्पनांचा ओघ, त्यांचं वैविध्य, नावीन्य आणि तपशील. मुलाखतीसाठी यात थोडा फेरफार करावा लागतो. ओघ, म्हणजे नुसती संख्या, तिला वेगळे गुण देऊ नका. एसएमएस, फोन, पत्र, ईमेल, ॲपवरची सूचना अशा पाच कल्पना दिसतात, पण दिशा एकच आहे: आठवण करून देणं. रद्द करणं सोपं करणं, वेळ कमी दिवस आधी देणं, रिकाम्या जागी प्रतीक्षेतल्यांना बोलावणं आणि काही तपासण्या फोनवर उरकणं, या मात्र चार वेगळ्या दिशा आहेत.

चार निकष ठेवा आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण:

- वैविध्य: १ म्हणजे सगळ्या कल्पना एकाच दिशेच्या, ३ म्हणजे तीन दिशा, ५ म्हणजे पाच किंवा अधिक दिशा, किंवा प्रश्नाचीच वेगळी मांडणी.
- नावीन्य: १ म्हणजे सगळं नेहमीच्या यादीतलं, ३ म्हणजे एक कल्पना यादीबाहेरची, ५ म्हणजे तीन किंवा अधिक.
- उपयोगिता: १ म्हणजे दिलेल्या अटी मोडतात, ३ म्हणजे अटींत बसतं पण अंमलबजावणी धूसर, ५ म्हणजे पहिली पायरी, अडथळा आणि परिणाम तपासायची रीत स्पष्ट.
- बदलाला प्रतिसाद: १ म्हणजे अडकला, ३ म्हणजे ठिगळ, ५ म्हणजे मूळ कारण ओळखून नवी रचना.

सरासरी काढताना एक सापळा आहे. नावीन्य ५ आणि उपयोगिता १ यांची सरासरी ३ येते आणि असा उमेदवार बरा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या कल्पना वापरता येत नाहीत. म्हणून या दोन्हींत प्रत्येकी किमान ३ गुण ही अट ठेवा, बेरीज त्यानंतर.

गुणांशेजारी उमेदवाराचे शब्द लिहा. ‘छान विचार करतो’ ही नोंद आठवड्याने कुणालाच काही सांगत नाही. ‘वेळ किती आधी दिली जाते ते विचारलं’ ही सांगते.

पॅनेलमध्ये काय बिघडतं

दोन किंवा तीन जण पुरेत. प्रत्येकाने गुण लिहून झाल्यावरच चर्चा करावी, आणि वरिष्ठाने शेवटी बोलावं. एखाद्या निकषावर दोन गुणांहून अधिक फरक पडला तर मध्य काढून मोकळं होऊ नका, दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. बहुतेकदा एकाने काहीतरी ऐकलेलंच नसतं.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे बोलण्याची छाप. एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवर पडते, हे थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलं, आणि कल्पकतेच्या बाबतीत ओघवतं बोलणं ही ती छाप असते. अडखळत बोलणारा, परक्या भाषेत मुलाखत देणारा किंवा मितभाषी उमेदवार इथे हकनाक मागे पडतो. यावर एक खात्रीचा उपाय आहे. सगळ्या उमेदवारांच्या कल्पना एकसारख्या टाइप करून, नाव काढून, क्रम बदलून पॅनेलबाहेरच्या दोन जाणकारांना द्या. त्यांनी एकमेकांशी न बोलता, सगळ्या कल्पना एकमेकींशी तुलना करत गुण द्यावेत. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. मेहनत लागते ती अर्ध्या दिवसाची. अंतिम फेरीत चार-पाच जण असतील तर ती नक्की घ्यावी.

फक्त घरी करायला दिलेल्या कामावर आता विसंबता येत नाही, कारण त्यातलं उमेदवाराचं किती आणि एआय साधनाचं किती हे ओळखणं अवघड झालंय. द्यायचंच असेल तर दोन तासांहून मोठं देऊ नका आणि मुलाखतीत त्याच कामाची एक अट बदलून पुढे न्यायला सांगा.

वाचायला किंवा लिहायला अडचण असलेल्या उमेदवाराला प्रसंग वाचून दाखवा, कल्पना बोलून नोंदवू द्या, हवा तर वेळ वाढवा. चारही निकषांत हस्ताक्षराला किंवा वेगाला गुण नाहीत, त्यामुळे मोजमाप जराही ढळत नाही.

निवड झाल्यावर गुणपत्रिका फाडू नका. वर्षभराने निवडलेल्या माणसाच्या थेट वरिष्ठाला, जुने गुण न दाखवता, याच चार निकषांवर गुण द्यायला सांगा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. ज्या निकषाचा मेळ चार-पाच निवडींनंतरही बसत नाही, त्याचे ३ आणि ५ गुणांचे वर्णन पुन्हा लिहा, आणि प्रसंग तर दरवर्षी बदलाच, कारण तो उमेदवारांमध्ये पसरलेला असतो.