सामुराई पोस्टर लावताय? आधी माप घ्या

जुन्या जपानी सामुराई चित्रपटांची पोस्टर बहुतेक जपानी बी-टू मापाची, म्हणजे ५१.५ बाय ७२.८ सेंटिमीटर असतात. आंतरराष्ट्रीय बी-टू मात्र ५० बाय ७०.७ चं. त्यामुळे तयार फ्रेममध्ये कागद मावत नाही आणि फ्रेमवाला सरळ कात्री उचलतो. कडा अजिबात कापू देऊ नका, अस्सल पोस्टरची किंमत तिथेच उतरते. मापाची फ्रेम करून घ्या. कागद आणि काच यांच्यामध्ये आम्लविरहित माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची आतली चौकट, हवाच, नाहीतर पावसाळ्यात छपाई काचेला चिकटते. ओल येणारी भिंत, थेट ऊन टाळा. लाल रंग लवकर उडतो. दोन बी-टू एकाखाली एक जोडलेलं लांबट पोस्टर, म्हणजे 'ताते-कान', मिळालं, तर दाराशेजारच्या अरुंद भिंतीवर एकटंच लावा. काय शोभतं ते!